डब्याचं वजन



हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात काचेआड जेवणाचा एक डबा ठेवलेला आहे. धातूचा, काळा पडलेला. आत कोळशासारखं जे दिसतं ते एका शाळकरी मुलाचं दुपारचं जेवण. तांदूळ, जव आणि सोयाबीन एकत्र शिजवलेला भात, सोबत परतलेल्या बटाट्याची भाजी. युद्धाच्या शेवटच्या वर्षात जपानमध्ये धान्याची इतकी ओढ होती की एवढंही चैनीचं वाटावं. त्यातून डोंगराच्या अंगाला नव्यानं फोडलेल्या शेताचं पहिलं पीक या डब्यात होतं. डब्याचा मालक शिगेरू ओरिमेन, वय १३. त्या सकाळी तो खुशीत घराबाहेर पडला होता, असं त्याच्या आईनं पुढे सांगितलं.

तारीख ६ ऑगस्ट १९४५. शिगेरूच्या वयाच्या हजारो मुलामुलींना त्या उन्हाळ्यात शाळेऐवजी घरं पाडायला नेलं जात असे. हवाई हल्ल्यात आग लागली तर ती एका पेठेतून दुसरीत जाऊ नये म्हणून मधली घरं पाडून मोकळे पट्टे तयार करायचे, असा बेत होता. सव्वाआठ वाजता बाँब फुटला तेव्हा या मुलांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. शिगेरूच्या शाळेतली पहिल्या वर्षाची तीनशेहून अधिक मुलं गेली. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला पहाटे, प्रेतांच्या ढिगात आईला तो सापडला. पोटाशी धरलेला डबा तसाच होता. जेवायची सुट्टी झालीच नव्हती.

मराठी माणसाला डब्याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. 'डबा घेतलास का?' हा प्रश्न ज्या घरात सकाळी विचारला जात नाही असं घर आपल्याकडे विरळा. म्हणूनच या काचेपुढे उभ्या राहणाऱ्याला जपानी येत नसलं तरी चालतं. त्याला अणुविज्ञानही येण्याची गरज नसते. त्या जेवणापाठीमागचे हात त्याला माहीत असतात.

पण डबा एवढा साधा नाही. बाँबला पन्नास वर्षं होत आली तेव्हा याच संग्रहालयातला असाच एक डबा, एका शाळकरी मुलीचा, वॉशिंग्टनला जाणार होता आणि त्यावरून तिथे महाभारत झालं. त्याकडे वळूच. आधी एवढंच सांगायचं की शोकांतिकेचं संग्रहालय एकदा बांधून पुरं होत नाही. काय ठेवायचं, काय काढायचं, कुणाचं नाव लिहायचं आणि कुणाचं गाळायचं, यावरून तिथे पिढ्यान् पिढ्या भांडणं होतात. हिरोशिमाच्या दालनांतून फिरताना या भांडणांच्या खुणा वस्तूंइतक्याच वाचता येतात. फक्त त्यांच्याजवळ माहितीची पाटी लावलेली नसते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. संग्रहालय ज्या बागेत आहे ती मोतोयासु आणि होनकावा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. हिरवळ, झाडं, कारंजी, शाळेच्या सहलींच्या पिवळ्या टोप्या. पहिल्यांदा येणाऱ्या पुष्कळ पाहुण्यांना वाटतं, नशीब, बाँब बागेवर पडला. इथे तर बाग नव्हतीच. नकाजिमा नावाची भरवस्तीची पेठ होती. दुकानं, देवळं, दवाखाने, सिनेमागृहं आणि चार हजारांवर माणसं. विमानातून नेम धरला होता जवळच्याच आइओई पुलावर, कारण त्याचा इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार आकाशातून स्पष्ट दिसे. बाँब थोडा बाजूला सरकला आणि शिमा रुग्णालयाच्या डोक्यावर सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. खालच्या जमिनीचं तापमान तीन ते चार हजार अंश सेल्सिअसवर गेलं. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, असा पालिकेचा अंदाज आहे आणि त्यात दहा हजार इकडे किंवा तिकडे धरायचे. दहा हजार माणसं इकडे किंवा तिकडे, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव नुसत्या आकडेमोडीच्या फटीत मावलं.

पेठेच्या राखेवर माती टाकली आणि तिच्यावर बाग झाली. संग्रहालयाच्या जुन्या इमारतीला भूकंपासाठी आधार द्यायचं काम काही वर्षांपूर्वी निघालं आणि पाया उकरताच जळकी घरं वर आली. २०२२ साली बागेतल्याच अशा अवशेषांवर एक छोटी इमारत उभी केली. आता तिथे खाली वाकून जुन्या घराची जमीन पाहता येते.

या संग्रहालयाचा खरा जनक कुणी पुढारी नव्हता. तो दगडांचा माणूस होता. शोगो नागाओका हिरोशिमाच्या विद्यापीठात भूविज्ञान शिकवत. बाँबनंतर शहरात शिरल्यावर ते एका देवळाच्या आवारात दगडी दिव्यापाशी टेकले आणि दगड अंगाला टोचला. ग्रॅनाइटचा पृष्ठभाग वितळून काटेरी झाला होता. दगड वितळायला किती उष्णता लागते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हे नेहमीच्या बाँबचं काम नव्हे एवढं त्यांनी तिथेच ओळखलं. त्या दिवसापासून ते पोत्यांतून आणि पिशव्यांतून दगड, कौलं, काचा घरी आणू लागले. ज्या शहरात माणसाला छप्पर नव्हतं तिथे हा गृहस्थ फुटकी कौलं जमवतो आहे हे पाहून लोकांना त्याच्या डोक्याविषयी शंका यावी, हे स्वाभाविकच होतं. कौलांवर बुडबुडे आले होते. एखाद्या वस्तूची सावली शेजारच्या दगडावर कोणत्या कोनात उमटली आहे हे मोजून स्फोटाची जागा आणि उंची काढता येत होती. १९४९ साली या गोळा केलेल्या चिजांची एक खोली सार्वजनिक सभागृहात उघडली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये संग्रहालय सुरू झालं तेव्हा नागाओका त्याचे पहिले संचालक झाले.

इमारत केंझो तांगे या तरुण वास्तुकाराची. खांबांवर उचललेली लांबट पेटी, तिच्यापुढे कमानीचं स्मारक आणि त्या कमानीतून थेट समोर दिसणारा, बाँबमधून उरलेल्या घुमटाचा सांगाडा, अशी सरळ रेघ त्यांनी आखली. घुमटाची मूळ इमारत १९१५ सालची, यान लेत्झेल या चेक वास्तुकाराची. ती उद्योगवाढीसाठीचं प्रदर्शनगृह होती. स्मारकाची कमान आधी इसामु नोगुची या शिल्पकारानं करावी असं ठरलं होतं. त्यानं आराखडाही दिला. पण नोगुची जपानी बापाचा असला तरी अमेरिकन होता आणि बाँब टाकणाऱ्या देशाच्या माणसानं मृतांचं स्मारक घडवावं हे समितीला रुचलं नाही. आराखडा परत गेला. बागेकडे येणाऱ्या दोन पुलांचे कठडे मात्र नोगुचीचेच आहेत. हजारो लोक रोज त्यांना हात लावून जातात.

घुमटालाही अभय सहजासहजी मिळालं नाही. पुष्कळ वर्षं शहरातले बरेच लोक म्हणत, ते भग्न ओझं पाडून टाका, बघवत नाही. रक्ताच्या कर्करोगानं १९६० साली गेलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीच्या रोजनिशीत, हे सगळं पुढच्यांना सांगायला हा घुमटच उरेल, अशा अर्थाचं वाक्य सापडलं. शाळकरी मुलांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि १९६६ साली नगरपरिषदेनं घुमट राखायचा ठराव केला. १९९६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा अमेरिकेनं त्या निर्णयापासून अंग काढून घेतलं आणि चीननं आपली नाराजी नोंदवली. एका मोडक्या इमारतीबद्दल दोन महासत्तांना काही म्हणायचं होतं.

संग्रहालय उघडून वर्ष पुरं व्हायच्या आत जे घडलं ते आज वाचताना खरं वाटत नाही. १९५६ सालच्या मे-जूनमध्ये याच इमारतीत 'शांततेसाठी अणू' या अमेरिकन मोहिमेचं प्रदर्शन भरलं. तीन आठवडे. त्यासाठी जळके कपडे, वितळलेली कौलं, बाटल्या, सगळं उचलून दुसरीकडे हलवलं आणि त्याच खोल्यांत अणुभट्टीच्या प्रतिकृती मांडल्या. किरणोत्सारी पदार्थ दुरून हाताळणारे यांत्रिक 'जादूचे हात' पाहायला लाखावर लोक आले. नागाओकांना आपले दगड बाहेर काढावे लागले. या गोष्टीकडे बोट दाखवून हसणं सोपं आहे, पण त्या काळाचा तो साधा विश्वास होता आणि तो आपल्याकडेही होता. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, हिरोशिमा दिनाच्या दोन दिवस आधी, मुंबईजवळ तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पंडित नेहरू पुढच्याच वर्षी हिरोशिमाला जाऊन आले. मृतांपुढे मान झुकवणं आणि अणुशक्तीवर भरवसा ठेवणं यांत त्या पिढीला विसंगती दिसत नव्हती. लोकसभेत आजही ६ ऑगस्टला हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते, आणि आपला देश दरम्यान अण्वस्त्रधारी झाला आहे.

कमानीखालच्या दगडी पेटीवर एक ओळ कोरली आहे. मृतांनी शांत झोपावं, चूक पुन्हा होणार नाही, एवढाच तिचा आशय. या एका ओळीवर जितकी शाई खर्ची पडली तितकी सबंध बागेवर पडली नसेल, आणि त्या वादाची सुरुवात एका भारतीयानं केली. राधाविनोद पाल हे कलकत्त्याचे न्यायमूर्ती. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात आरोपींना दोषमुक्त ठरवणारं वेगळं निकालपत्र त्यांनी लिहिलं होतं. १९५२च्या नोव्हेंबरात ते हिरोशिमाला आले, ती ओळ त्यांनी दुभाष्याकडून समजून घेतली आणि भडकले. चूक कुणाची? बाँब टाकणाऱ्यांची, की इथे मेलेल्यांची? माफी कोण मागतंय? ओळ लिहिणारे तादायोशी साइका विद्यापीठात इंग्रजी शिकवत आणि स्वतः बाँबमधून वाचलेले होते. त्यांनी पालांना उत्तर पाठवलं: यात बोलणारी सबंध मानवजात आहे.

वाद मिटला नाही, कारण त्याचं मूळ व्याकरणात आहे. जपानीत कर्ता न सांगता वाक्य पुरं होतं. मराठीतही होतं. 'चूक झाली' असं म्हणताना ती कुणाकडून झाली हे आपण किती सहज गिळतो! कार्यालयात, घरात, विधानसभेत. पालांची कायद्याची नजर तो गिळलेला कर्ता बाहेर काढू पाहत होती. साइकांना तो न लिहिण्यातच अर्थ दिसत होता. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी हे ठरवणं अवघड आहे, तरी पालांचा प्रश्न अधिक टिकाऊ ठरला असं म्हणावं लागतं. पुढे जी जी भांडणं झाली ती त्या हरवलेल्या कर्त्याभोवतीच झाली.

आता डब्याकडे. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाकडे 'एनोला गे' हे विमान होतं, हिरोशिमावर बाँब टाकणारं. १९९५ साली पन्नास वर्षं होत होती. संचालक मार्टिन हार्विट हे खगोलभौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी विमानाच्या पुढच्या भागाबरोबर हिरोशिमाहून मागवलेल्या काही वस्तू मांडायच्या असं ठरवलं. त्यांत त्या मुलीचा डबा होता. आत करपलेले वाटाणे आणि भात. प्रदर्शनाचा मसुदा बाहेर आला आणि हवाई दलाच्या माजी सैनिकांच्या संघटना तुटून पडल्या. जपानी दुःखाची छायाचित्रं किती आणि अमेरिकन दुःखाची किती, याची मोजणी झाली. सिनेटनं ठराव केला. एक आक्षेप फार बोलका होता: एवढं प्रचंड विमान शेजारी असूनही लोकांना घरी जाताना तो डबाच आठवेल. जानेवारी १९९५ मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झालं, मे महिन्यात हार्विट यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये विमानाचा भाग एकटाच मांडला गेला. हिरोशिमाच्या काही वस्तू त्या उन्हाळ्यात त्याच शहरातल्या अमेरिकन विद्यापीठानं दाखवल्या. विमान आता डलेस विमानतळाजवळच्या दालनात चकचकीत पॉलिश करून ठेवलेलं आहे.

माजी सैनिक डब्याला घाबरले, आणि त्यांची भीती रास्त होती. डब्याचं वजन त्यांनी अचूक ओळखलं होतं. मात्र त्यांच्या तक्रारीत एक बाजू खरी होती, तीही सांगायला हवी. डबा जपानी फौजांनी नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीबद्दल बोलत नाही. कोरियाबद्दल, मनिलाबद्दल, ब्रह्मदेशातल्या रेल्वेमार्गावर खपलेल्या मजुरांबद्दल बोलत नाही. एका मुलाचा डबा पाहणाऱ्याचं मन इतकं भरून टाकतो की बाकी काही आत शिरायला जागा उरत नाही.

हिरोशिमातल्याच काही लोकांना हे आधीपासून खुपत होतं. हे शहर म्हणजे काही निरुपद्रवी मासेमारांचं गाव नव्हतं. १८९४ साली चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा सम्राटांनी आपला युद्धतळ हिरोशिमाच्या किल्ल्यात हलवला. उजिना बंदरातून पुढची पन्नास वर्षं फौजा आशियाच्या किनाऱ्यांवर उतरवल्या गेल्या. १९४५ साली इथे एका मोठ्या सेनाविभागाचं मुख्यालय होतं. बाँबविरोधी चळवळीतून आणि शेजारी देशांच्या टीकेतून दडपण वाढत गेलं आणि १९९४ साली उघडलेल्या पूर्व इमारतीत शहराचा हा लष्करी इतिहास मांडला गेला. मांडणी थोडक्यात आहे, आणि बहुतेक लोक डब्यांच्या दालनाकडे जायच्या घाईत तिथून पटकन पुढे सरकतात.

कोरियन मृतांची कथा याहून कडू. मजुरीसाठी आणलेले, सक्तीनं भरती केलेले, पोटासाठी आलेले असे हजारो कोरियन त्या दिवशी हिरोशिमात होते. त्यांचं स्मारक १९७० साली झालं, पण बागेत नाही, नदीपलीकडे. स्मारकालाही परकं ठेवलं, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि लावणाऱ्यांचं काय चुकलं? १९९९ साली ते बागेत आणलं. एकोणतीस वर्षं आणि एक नदी, एवढं अंतर मेल्यावरही पार करावं लागलं.

मुख्य इमारतीतलं आजचं दालन २०१९ साली नव्यानं उघडलं. आधी पूर्व इमारतीत सरकत्या जिन्यानं वर जायचं. तिथे एका मोठ्या पांढऱ्या गोल पटावर शहर उजळतं. नद्या, पूल, कौलारू छपरं. मग वरून एक ठिपका खाली येतो आणि सगळं एका क्षणात राखाडी होतं. मुलं तो गोल पुन:पुन्हा पाहायला थांबतात. त्यानंतरचा बोळ अंधारा होत जातो. इथे आकडे जवळजवळ नाहीत. वस्तू आहेत, त्यांच्याजवळ नाव, वय, शक्य असेल तिथे छायाचित्र आणि चार ओळी. कुणी कुठे उभं होतं, कुणाला कुणी शोधून आणलं, किती तास जगलं, शेवटी काय मागितलं. पाणी, बहुतेकांनी.

पूर्वी असं नव्हतं. १९७३पासून या दालनाचं मुख्य आकर्षण मेणाचे पुतळे होते, पुढे प्लॅस्टिकचे: हातांवरून कातडी लोंबतेय, मागे आगीचा लाल प्रकाश, एक बाई आणि मुलं चालताहेत. सहलींना आलेली मुलं त्यांच्यापुढे रडत आणि घरी गेल्यावर रात्री दचकून उठत. एप्रिल २०१७ मध्ये पुतळे काढले. सह्यांची मोहीम झाली, कितीतरी लोकांनी विनवलं की काढू नका, मुलांना भीती वाटलीच पाहिजे. त्याच वेळी बाँबमधून वाचलेले काही वृद्ध म्हणत होते की पुतळे फारच स्वच्छ आहेत, खरं तर त्यापेक्षा किती भयंकर होतं! संग्रहालयानं ठरवलं की पुतळ्याऐवजी खरी वस्तू आणि तिच्यामागची खरी व्यक्ती. हा निर्णय योग्य वाटतो. पुतळ्यापुढे माणूस घाबरतो, आणि भीती ओसरली की मोकळा होतो. डब्यापुढून इतक्या सहज हलता येत नाही.

तीनचाकीचंही तसंच. शिनइची तेत्सुतानी चार वर्षांचा व्हायला आला होता. स्फोटाच्या जागेपासून दीड किलोमीटरवर, घरापुढे, तो तीनचाकी चालवत होता. त्याच रात्री गेला. एवढ्याशा मुलाला दूरच्या स्मशानात एकटं कसं ठेवायचं, असं वाटून वडिलांनी त्याला अंगणात पुरलं आणि सोबत तीनचाकी दिली. चाळीस वर्षांनी, १९८५ साली, अस्थी कुटुंबाच्या थडग्यात हलवायच्या म्हणून अंगण उकरलं तेव्हा गंजलेली तीनचाकी वर आली. वडिलांनी ती संग्रहालयाला दिली. आज ती ज्या उंचीवर ठेवली आहे तिथे लहान मुलांची नजर थेट पोचते, आणि ती आईबापांना विचारतात, ही कुणाची?

सगळ्याच वस्तूंना नाव नाही. सुमितोमो बँकेच्या पायऱ्या त्याचं उदाहरण. बँक उघडायची वाट पाहत कुणीतरी पायरीवर बसलं होतं, स्फोटाच्या जागेपासून २६० मीटरवर. भोवतीचा दगड उष्णतेनं पांढरा पडला, माणूस होता तेवढी जागा काळी राहिली. १९७१ साली तो दगड कापून संग्रहालयात आणला. सावली वर्षागणिक फिकट होते आहे. ती आमच्या घरच्या माणसाची, असं सांगणारी कुटुंबं एकाहून अधिक आहेत. त्यांतल्या कुणालाही खोटं ठरवायचं धाडस कुणी केलेलं नाही.

छायाचित्रंही थोडीच. 'चुगोकू शिंबुन' दैनिकाचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे त्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडले. कॅमेऱ्यात चोवीस छायाचित्रांची सोय होती. मियुकी पुलाजवळ भाजलेल्या माणसांची रांग बसली होती. त्यांना बटण दाबवेना. दिवसभरात उरली ती पाच छायाचित्रं. तीही अमेरिकी ताब्याच्या काळात, १९५२पर्यंत, मोकळेपणानं छापता आली नाहीत. उरलेला दिवस लोकांनी पुढे हातानं काढला. १९७४ साली एका म्हाताऱ्यानं हिरोशिमाच्या दूरचित्रवाणी केंद्रात स्वतः रंगवलेलं एक चित्र आणून दिलं. केंद्रानं आवाहन केलं, तशी हजारो चित्रं आली. चित्रकला न शिकलेल्या हातांची, मेणखडूंची. काही चित्रांत चित्र थांबतं आणि कोपऱ्यातला मजकूर पुढे सरकतो, कारण ते काढायला हात धजला नव्हता.

दालन संपताना एक लांब काचेचा सज्जा येतो. एकदम उजेड. खाली बाग, कमान, आणि कमानीतून घुमट. बरेच लोक इथल्या बाकांवर बसून राहतात. कुणी भ्रमणध्वनी काढत नाही असं नाही, काढतातच. पण खिशात परत ठेवायला त्यांना नेहमीइतका वेळ लागत नाही.

बडे पाहुणे येतात तेव्हाचा प्रकार वेगळा असतो. मे २०१६ मध्ये बराक ओबामा आले, पदावर असताना आलेले पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. संग्रहालयात दहाएक मिनिटं थांबले. स्वतः घडी घातलेले कागदी करकोचे त्यांनी दिले. हे करकोचे सादाको सासाकीच्या आठवणीचे: बाँबच्या वेळी दोन वर्षांची, १९५५च्या ऑक्टोबरात रक्ताच्या कर्करोगानं गेलेली मुलगी. तिच्या वर्गमित्रांनी चळवळ करून १९५८ साली उभारलेलं मुलांचं स्मारक बागेत आहे, आणि जगभरच्या शाळांतून तिथे येणाऱ्या करकोच्यांच्या माळा ठेवायला पालिकेला जागा पुरत नाही. मे २०२३ मध्ये जी-सात देशांचे नेते आले. ते आत काय पाहत होते हे पत्रकारांना पाहू दिलं नाही. त्याच दिवसांत मोतोयासु नदीकाठी महात्मा गांधींचा अर्धपुतळा बसवला गेला.

२०२४-२५ या वर्षात संग्रहालयात २२ लाखांहून अधिक लोक आले. रांगा बागेत जातात. त्याच वर्षअखेरीस, मार्च २०२५ मध्ये, दोन्ही शहरांच्या बाँबमधून वाचलेल्या आणि सरकारी नोंद असलेल्या लोकांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली. सरासरी वय ८६च्या वर. जपानीत त्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदांक्योला, २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं. आपल्यानंतर कोण सांगणार, हा त्यांच्यापुढचा सवाल. पालिका २०१२पासून त्यासाठी माणसं तयार करते आहे. एकेका हिबाकुशाजवळ बसायचं, त्याची कहाणी त्याच्या तोंडून पुन:पुन्हा ऐकायची, शंका विचारायच्या, आणि मग ती त्याच्या वतीनं लोकांपुढे सांगायची. आपल्याकडच्या कीर्तनकाराला किंवा शाहिराला यात नवल वाटणार नाही. ज्यानं पाहिलं त्याच्याकडून घ्यायचं, पदरचं घालायचं नाही.

बागेच्या एका कडेला गवतानं झाकलेला टेकाडासारखा उंचवटा आहे. त्याच्याखाली सुमारे ७० हजार लोकांची राख आहे, ज्यांची ओळख पटली नाही किंवा ज्यांच्या घरचं कुणीच उरलं नाही. आठशेच्या आसपास कलशांवर नावं आहेत, पण न्यायला कुणी आलेलं नाही. दरवर्षी त्या नावांची यादी पालिका देशभर पाठवते. कधी एखाद्या घरातून उत्तर येतं.

कमानीखालच्या दगडी पेटीत नावांच्या वह्या आहेत. दर ६ ऑगस्टला त्या वर्षात वारलेल्या हिबाकुशांची नावं हातानं लिहून त्यांत घालतात, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये एकूण नावं ३ लाख ४९ हजारांवर गेली. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळा लागायच्या आधी, ही पेटी उघडतात. पालिकेचे कर्मचारी पांढरे हातमोजे चढवतात, वह्या बाहेर काढून पांढऱ्या कापडावर मांडतात आणि एकेक पान उलटून त्याला हवा लागू देतात. आपल्याकडे पोथ्यांना ऊन दाखवतात तसं. वह्या सव्वाशेहून अधिक आहेत. त्यांतल्या एका वहीची पानं कोरी आहेत. ज्यांची नावं कुणालाच सापडली नाहीत त्यांच्यासाठी ती ठेवलेली आहे. तिचीही पानं उलटतात.